मालकीणबाईंचा पाइप

खोल्या देताना मालकीणबाईंनी यांना एकच गोष्ट विचारली होती. मुलं आहेत का? हे म्हणाले, नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, व्हायची आहेत का? हे म्हणाले, इतक्यात नाही. त्या वेळी दोन्ही उत्तरं खरी होती. साठ सालच्या आसपासची गोष्ट. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये युद्धातल्या बॉम्बमुळे तेव्हाही घरांच्या ओळींत मधेच एखादा दात पडावा तशी रिकामी जागा दिसायची, आणि आमच्यासारख्या सावळ्या माणसांना खोली मिळणं फार अवघड होतं. यांनी इतक्या बेल वाजवल्या होत्या की ‘जागा आताच गेली’ हे वाक्य कोणत्या सुरात येतं तेसुद्धा यांना पाठ होतं. मी लग्न होऊन साताऱ्याहून निघाले ती थेट या घराच्या वरच्या मजल्यावर येऊन पोचले. आणि पहिला हिवाळा सरायच्या आत मला दिवस गेले.

आता काय करायचं? यांची डॉक्टरेट निम्म्यावर आलेली. लोखंडाला तडे का जातात, असा काहीतरी विषय होता. मला परत पाठवायचं तर बोटीचा प्रवास, आणि तोही या अवस्थेत. बाळ होणार हे कळलं की मालकीणबाई खोल्या सोडायला सांगणार यात आम्हा दोघांनाही शंका नव्हती. शेवटी ठरलं, लपेल तितके दिवस लपवायचं. साडीवर स्वेटर, स्वेटरवर ओव्हरकोट. एवढ्या कपड्यांत आत कोण आहे हेच कळायचं नाही, तर किती जण आहेत हे कुठून कळणार, असं हे मला चिडवायचे. मला मात्र हसू यायचं नाही.

वर आमच्याकडे नळ नव्हता. पाणी खालून आणायचं, एका कोपऱ्यात विजेच्या शेगडीवर स्वयंपाक करायचा आणि खरकटं पाणी बादलीतून खाली तळघरात नेऊन तिथल्या धुण्याच्या खोलीतल्या मोरीत ओतायचं. त्या खोलीला त्या लोकांत वाश्क्युशे म्हणतात. संडास जिन्याच्या अर्ध्यावर, सगळ्या घराला एकच. सगळ्याचं पाणी बागेखालून जाणाऱ्या एका पाइपातून रस्त्याकडे जायचं. हे मला नंतर कळलं. तोवर पाणी ओतलं की ते जातं, एवढंच मला माहीत होतं.

मार्च महिन्यात बर्फ वितळायला लागला आणि एका सकाळी ते जाईना. मोरीच्या तोंडाशी गढूळ पाणी वर आलं, त्यात साबणाचा फेस आणि, माझ्या दुर्दैवानं, भाताची चार शितं. मालकीणबाई पायऱ्यांवर उभ्या राहून त्या शितांकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात भात खाणारं दुसरं कोणी नव्हतं.

मी मान खाली घातली. कारण शितं तर काहीच नव्हती. मी लोणी कढवून तूप करायची आणि बेरीचं भांडं गरम पाण्यानं धुऊन ते पाणी तिथेच ओतायची. भांडी घासायला खालच्या शेगडीतली कोळशाच्या विटांची राख घ्यायची, कारण राखेशिवाय भांडं निघतं यावर माझा विश्वासच नव्हता. ती राखही तिथेच. तूप आणि राख एकत्र थंडीत गोठली तर काय होत असेल, याचा विचार मी त्या दिवशी पहिल्यांदा केला.

"अहो, माझ्यामुळेच तुंबलंय," मी यांना म्हटलं.

"कशावरून?"

"राख."

"राखेनं काही होत नाही," हे म्हणाले. लोखंडाचे तडे सोडून जगातल्या इतर सगळ्या गोष्टींवर यांचं असंच ठाम मत असायचं.

मालकीणबाई मात्र भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मोरीवर एक फळी ठेवली, तिच्यावर वीट ठेवली आणि हातानं खुणा करून मला समजावलं : पाणी आता बागेत न्यायचं, मागच्या कुंपणापाशी ओतायचं. संडासासाठी शेजारच्या घरी जायचं. तशी त्यांनी व्यवस्था केली होती. माझ्यासारख्या बाईला त्या दिवसांत शेजारी किती वेळा जावं लागत असेल, याची कल्पना बायकांनी करावी. ओव्हरकोट चढवायचा, निऱ्या उचलायच्या, चिखल तुडवायचा, शेजारणीला ‘गुटन टाग’ म्हणायचं, आणि तासाभरानं पुन्हा तोच प्रकार. खिडकीतून मालकीणबाई बघत असायच्या.

आणि एक नवीनच सुरू झालं. मी बादली उचलली की त्या कुठूनतरी यायच्या आणि ‘नाइन! नाइन!’, म्हणजे ‘नाही! नाही!’, असं ओरडायच्या. बादली माझ्या हातातून काढून घ्यायच्या आणि स्वतः नेऊन ओतायच्या. मला काही कळेना. बागेत ओतायचं त्यांनीच सांगितलं ना? मग माझं पाणी बागेत नको की माझा हात बादलीला नको? मी चोरून, त्या बाजारात गेल्या की बादल्या नेऊ लागले. एकदा त्या अर्ध्या वाटेवरून परतल्या आणि मला कुंपणापाशी पकडलं. काय तो चेहरा! मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री मी यांच्यापाशी रडले, की मालकीणबाईंना माझा विटाळ होतो. विटाळाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते यांना येत नव्हतं, नाहीतर हे विचारायलाही गेले असते.

बरं, पाइप दुरुस्त करायचं त्या नावच काढीनात. एक आठवडा गेला, दुसरा गेला. एवढ्या शिस्तीच्या बाई. जिना कोणत्या वारी कोणी पुसायचा, गालिचा किती वाजेपर्यंत झोडपायचा, सगळं ठरलेलं. आणि घराचं गटार तुंबलंय तर बाईंना फिकीरच नाही! हे विचारायचे, तर त्या ‘या, या, आल्झो’, म्हणजे हो हो, बघू, असं म्हणून उडवून लावायच्या. मी याचा एकच अर्थ काढला. आम्ही गेल्यावर दुरुस्त करायचं असेल.

शेवटी यांनी ते केलं. जे आपल्याकडचा कोणताही बरा माणूस करील तेच केलं. आमच्या साताऱ्याच्या आळीत एखाद्या म्हाताऱ्या बाईचं कौल फुटलं, नळ गळला, तर ती सांगेपर्यंत कोणी थांबत नाही. एकटी बाई, कुठे धावपळ करणार? शेजारचा मुलगा परस्पर माणूस घेऊन येतो आणि बाई त्याला तोंडभर आशीर्वाद देते. हे ट्रॅमच्या थांब्याजवळच्या एका दुकानात गेले आणि माइस्टर ठरवून आले.

"माइस्टर म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे परीक्षा पास झालेला. त्याच्याशिवाय इथे कोणी पाइपाला हात लावू शकत नाही. दुकानात त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. माझ्या डिग्रीपेक्षा मोठंय."

"गटाराची परीक्षा असते?"

"या, गेनाऊ, अगदी बरोबर," हे म्हणाले. खूश होते. "बघ तू, मालकीणबाई किती खूश होतील. मी सांगितलंय त्याला, त्यांनीच पाठवलंय म्हणून."

माइस्टर आला. आता आमच्याकडे हे काम करणारा माणूस मागच्या बोळातून यायचा आणि मागच्या बोळातूनच जायचा. त्याचं नाव घरात कोणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. हा स्वतःची छोटी मोटार घेऊन आला. निळ्या डगल्याच्या आत टाय. पुढच्या दाराची बेल वाजवली, पाय पुसले आणि आधी मालकीणबाईंशी, मग यांच्याशी, मग माझ्याशी हात मिळवला. मी हात पुढे केला खरा, पण डोक्यात नुसता गोंधळ. साताऱ्याला सासूबाईंनी हे पाहिलं असतं तर? आणि हा गोंधळ मला होतोय याचाच मला राग येत होता.

त्याहून मोठा गोंधळ मालकीणबाईंचा चेहरा पाहून झाला. त्या खूश झाल्या नव्हत्या. पांढऱ्याफटक पडल्या होत्या. माइस्टरसमोर काही बोलल्या नाहीत, पण यांना स्वयंपाकघरात बोलावलं, दार लावलं आणि दाराआडून जो आवाज आला तो मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. हे बाहेर आले ते कान लाल करून.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. रागावल्या थोड्या."

"थोड्या?"

"म्हणाल्या, मला न विचारता तुम्ही कोण? घर कुणाचंय?"

माइस्टरनं तोवर बागेतल्या खड्ड्याचं झाकण उघडलं होतं. पेअरच्या झाडाजवळ तो खड्डा होता. आत उतरून त्यानं काठीला बसवलेला एक आरसा पाइपाच्या तोंडाशी धरला, दिवा लावला आणि बराच वेळ वाकून बघत राहिला. मग वर येऊन, हात धुऊन, मालकीणबाईंना काहीतरी विचारलं. अगदी छोटा प्रश्न. त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यानं पुन्हा आरसा घेतला, पुन्हा बघितलं आणि डोकं खाजवलं. हे माझ्या शेजारी उभे होते.

"काय विचारतोय?"

"कोणी बसवला म्हणून विचारतोय."

"मग त्या का बोलत नाहीत?"

"मला काय माहीत?"

मग माइस्टर आणि मालकीणबाई स्वयंपाकघरात बसले. बाईंनी ठेवणीतले कप काढले. आम्हाला कोणी बोलावलं नाही. आम्ही जिन्यात उभे. हे ऐकून ऐकून एक एक वाक्य मला देत होते : एकदा पाहिलं की न पाहिल्यासारखं मला करता येत नाही, असं तो म्हणतोय. सगळं काढून नवीन टाकावं लागेल, म्हणतोय. नगरपालिकेला कळवावं लागेल, म्हणतोय. नंतर आवाज हळू झाले आणि हे गप्प झाले. पुढचं ऐकू आलं नाही की यांनी मला सांगितलं नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी हे कॉलेजला गेल्यावर माइस्टर सरळ वर आला, आमच्या खोलीत. मागे मालकीणबाई. त्यानं खिशातून पिवळी घडीची पट्टी काढली आणि आमचा स्वयंपाकाचा कोपरा मोजायला लागला. उंची मोजली, रुंदी मोजली, भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. मालकीणबाई बोटानं दाखवत होत्या, इथे नको, तिथे. माझ्या डब्यांवरून, मसाल्यांवरून, देवाच्या छोट्या तसबिरीवरून त्यांचे हात फिरत होते. मी नुसती उभी. मला विचारता येईना, कारण मला जर्मन येत होतं ते बाजारापुरतं. आणि विचारायचं तरी काय, आम्हाला कधी काढणार? त्या दोघांनी मान डोलावली आणि ते खाली गेले.

मी ट्रंक काढून पलंगावर ठेवली. हे आले तेव्हा मी स्वेटर भरत होते.

"अगं, हे काय?"

"मोजून गेला तो. आपल्या जागेत कोण येणार आहे ते विचारा जाऊन."

"मी नाही विचारणार. कालच एवढं बोलल्यात मला."

"मग मी विचारू? कुठल्या भाषेत?"

त्यावर आमचं चांगलंच वाजलं. कोणी सांगितला होता माइस्टर आणायला, मी म्हणाले. कोणी सांगितली होती राख टाकायला, हे म्हणाले. राखेनं काही होत नाही असं तुम्हीच म्हणालात, मी म्हणाले. शनिवारी हे जागा बघायला गेले. तीन ठिकाणी जाऊन आले आणि आल्यावर बूट काढत बराच वेळ तसेच बसले. मला आता पाचवा लागला होता आणि ओव्हरकोटाचं मधलं बटण लागत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात माइस्टरची माणसं खणायला आली. घरापासून कुंपणापर्यंत बाग उलटीपालटी केली. मी वरून बघत होते. काय काय निघत होतं त्या मातीतून! एक पाइप भाजक्या मातीचा, पुढचा जरा अरुंद, त्याच्या पुढे चक्क शेगडीच्या धुराड्याचा पत्र्याचा तुकडा. दोन पाइपांच्या मध्ये बूड काढलेली एक एनॅमलची बादली सांधा म्हणून बसवलेली. सांध्यांवर डांबरात बुडवलेल्या चिंध्या. आणि या सगळ्यात पेअरच्या झाडाची मुळं केसांसारखी भरलेली. माझी राख त्यात कुठे होती ते मला दिसलं नाही. नव्हती असंही मी म्हणणार नाही. ते सगळं गवतावर ओळीनं मांडून ठेवलं होतं. माइस्टर त्या ओळीवरून चालत गेला, परत आला आणि मालकीणबाईंना एक वाक्य बोलला. त्याचा अर्थ मला नंतर कळला, आपल्या भाषेत, ‘बरंच टिकलं की.’ मालकीणबाई हसल्या नाहीत.

दुपारी माझी बादली भरली. आता बाग खणलेली, तर पाणी न्यायचं कुठे? मी म्हटलं, रस्त्यावरच्या गटारात ओतून येऊ. अर्ध्या जिन्यावर पोचले तोच खालून ‘नाइन!’ आणि मालकीणबाई दोन-दोन पायऱ्या चढत आल्या. त्यांनी बादलीची कडी धरली. मीही सोडली नाही. थोडं पाणी दोघींच्या पायांवर सांडलं. आणि माझा तोल सुटला.

"काय केलंय मी?" मी ओरडले. मराठीत. "विटाळ होतो का तुम्हाला माझा? मी काय रोगी आहे? राहू नका म्हणायचं तर तोंडानं म्हणा ना! रोज रोज बादली कसली हिसकावता?"

इतके महिने साठलेलं सगळं बाहेर पडलं. खणणारी माणसं खाली थांबून वर बघायला लागली. मालकीणबाई ऐकत होत्या. एक शब्द कळत नव्हता त्यांना, पण त्यांनी मला मधे थांबवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी बादली हळूच पायरीवर ठेवली, माझं मनगट धरलं आणि मला खाली घेऊन गेल्या. मला वाटलं, आता घराबाहेरच नेणार.

त्या मला बागेत घेऊन गेल्या. गवतावर मांडलेल्या त्या ओळीपाशी थांबल्या. एका पाइपावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. पुन्हा पाइपावर, पुन्हा छातीवर. मी. हे मी केलं. मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. मग त्या बोलायला लागल्या, लहान मुलाशी बोलावं तसं एक एक शब्द सुटा करून, हातांनी दाखवत. युद्ध संपलं त्या वर्षी. नवरा कैदेत. घर अर्धं उभं. सांडपाणी जायला वाट नाही. तेव्हा माइस्टर कुठला, कोणीच पुरुष नव्हते. शेजारची पडलेली घरं होती, त्यांतून हे पाइप ओढून आणले. परवानगी कोणाची घेतली नाही. त्यांनी माइस्टरकडे बघून खांदे उडवले. इतकी वर्षं भीती वाटायची, कोणी उघडून बघेल म्हणून.

म्हणजे एवढे दिवस त्या आमच्यावर रागावून नाही, तर त्या पाइपावर झाकण घालून बसल्या होत्या. मला हे समजायला वेळ लागला आणि समजल्यावर हसूही आलं. या बाई, ज्यांनी मला गालिचा झोडपण्याच्या वेळा शिकवल्या, त्यांच्याच घराखाली सगळ्यांत मोठा बेकायदा कारभार!

मग त्यांनी नव्या पाइपांच्या ढिगाकडे बोट केलं. त्यात एक बारका, लांब पाइप वेगळा ठेवलेला होता आणि त्याच्याशेजारी कागदात गुंडाळलेलं पांढरंशुभ्र बेसिन. त्यांचं बोट तिथून वर गेलं, आमच्या खिडकीकडे, आमच्या स्वयंपाकाच्या कोपऱ्याकडे. वर नळ येणार होता. वरून पाणी आपसूक खाली जाणार होतं. माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं मला समजलं नाही, म्हणून त्यांनी दोन्ही हातांत बाळ धरून त्याला आंघोळ घातल्यासारखं केलं. त्यांना माहीत होतं. ओव्हरकोट, स्वेटर, शेजारच्या फेऱ्या, सगळं. कधीपासून कोण जाणे. मी उगाच पदर ओढून पोट झाकलं, एखादी चोरी पकडल्यासारखं.

"कितवा?" त्यांनी विचारलं असावं. मी हाताची पाचही बोटं पुढे केली.

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. मग स्वतःचा हात वर केला आणि माझ्यासारखीच पाच बोटं पसरली. तो हात त्यांनी आपल्या पोटावर ठेवला, मग रिकामा उघडून दाखवला आणि गवतावरच्या पाइपांकडे बघितलं. मातीचे ते पाइप, ती बूड काढलेली बादली. मला आता शब्दांची गरज उरली नव्हती, तरी त्या बोलल्या. इतकं सावकाश बोलल्या की माझ्या बाजारापुरत्या जर्मनलाही ते पुरलं.

"तेव्हा मला उचलू नको म्हणणारं कोणी नव्हतं."